ओढ्याला संदर्भ नाही

एम.ए.च्या प्रकल्पासाठी मी कात्रजपुढचं आमचंच गाव घेतलं. पूर्वीच्या संशोधनाचा आढावा लिहिताना सांगितलं, की ओढा बुजवून इमारती उठल्या, तेव्हापासून पावसाळ्यात आमच्या घरात पाणी शिरतं. मार्गदर्शक सर म्हणाले, "संदर्भ कुठाय? घरच्या गोष्टी नकोत."

म्हणजे घरात गुडघाभर पाणी, पण कुठे छापलेलं नाही म्हणून घर कोरडं!

ग्रंथालय पालथं घातलं. गावावर एकच प्रबंध सापडला, तोही सरांचाच. त्यात ठणकावून लिहिलं होतं, की इथे ओढा कधी नव्हताच.

"मग हेच लिहा," सर म्हणाले. त्यांच्या सहीशिवाय प्रकल्प जमा होत नाही. लिहिलं.

घरी आले, तर आई खराट्याने पाणी बाहेर लोटत होती. "वढ्याचं लिवलंस का गं?"

"लिहिलं," मी म्हटलं, "नव्हताच म्हणून."