अर्पणाच्या पानावरचं नाव

बाळांनो, परवा तुमच्यातल्या थोरलीनं फोनवर विचारलं, प्रबंधाच्या पहिल्या पानावर ‘डेडिकेटेड टू’ला मराठीत काय लिहू? मी ‘अर्पण’ म्हणाले आणि फोन ठेवला. पान छापून होण्याआधी त्या शब्दाबद्दल आणखी थोडं सांगायला हवं, म्हणून लिहिते आहे.

अर्पण म्हणजे आपण केलेली वस्तू कुणाच्या तरी हाती सोपवणं. ते माणूस समोर बसलेलं असलं तरी चालतं. स्मरणार्थ मात्र गेलेल्यांसाठी. तुमची पणजी, म्हणजे माझी आई, आदिलाबादजवळ जैनथकडे जन्मभर दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचत होती. तिला फक्त ‘स्मरणार्थ’ हाच शब्द ठाऊक होता. आमच्या विहारात कुणी पंखा दिला, सतरंजी दिली, की त्यावर घरातल्या गेलेल्या माणसाचं नाव असे. वस्तूवर नाव आलं म्हणजे माणूस गेलं, असा तिचा साधा समज.

मी आदिलाबादला शाळेत इंग्रजी शिकवत होते, तेव्हा आपल्या मराठी मुलांसाठी इंग्रजी व्याकरणाचं एक छोटं पुस्तक लिहिलं. पहिल्या पानावर तुझं नाव घालते, असं आईला सांगितलं. ती अंगणात शेजारणींबरोबर शेंगा निवडत होती.

“काऊन वं, मले आत्ताच धाडून राह्यली का? मी अजून जिती हावो.”

शेजारणी हसल्या. मी तो नकार खरा धरला. खरं सांगायचं तर मला तो सोयीचा होता. पुस्तक वर्गात लावायचं आमच्या मुख्याध्यापकांनी कबूल केलं होतं. मी त्यांचं नाव घातलं.

पुस्तक घेऊन गेले तेव्हा आईनं हात पदराला पुसले आणि पहिलं पान उघडून माझ्यापुढे धरलं.

“दाखव बरं, माह्यं नाव कोठी हाय?”

तूच नाही म्हणालीस, मी म्हटलं.

“मी तं नाईच म्हनीन, बाई. तू काऊन आयकलं?”

एवढंच बोलली. मग शेजारच्या घरी जाऊन पुस्तक दाखवून आली. पुढच्या छपाईत बदलू, असं मी ठरवलं होतं. पुढची छपाई झाली नाही, आणि आई गेली.

तेव्हा थोरले, ज्याचं नाव घालशील त्यानं नको म्हटलं तरी घाल.

माझ्या पुस्तकाची एकच प्रत उरली आहे, माझ्या कपाटात. अर्पणाच्या पानावर मुख्याध्यापकांचं नाव आहे.