सुनेच्या स्क्रीनवरची सासू

आमच्या शेजारच्या कवळीवाल्या काकांनी जन्मात कुणाचा हेवा केला नाही. पण म्हातारपणी ते एका कॉम्प्युटरवर जळू लागले, आणि तो नेमका घरातच, सुनेच्या टेबलावर.

काकांची हयात मेण तापवून, एकेक दात बोटांनी बसवून कवळ्या करण्यात गेली. सून तेच काम दातांच्या दवाखान्यासाठी माउसने करते. काकूंचे हलणारे दात सगळेच काढावे लागले. हिरड्या भरून आल्यावर हाडात स्क्रू बसवून पक्के दात लावायचं ठरलं. जबड्याचं स्कॅन स्क्रीनवर आलं. आधी दात कुठे दिसायला हवेत ते ठरवायचं, मग खाली हाड कुठे जाड आहे ते पाहून स्क्रूची जागा नक्की करायची. सून सासूचा जबडा गरगर फिरवत होती.

"आई, हाड काय छान आहे हो तुमचं!"

काकू चक्क लाजल्या.

"मी इतकी तारीफ केली, कधी लाजली नाही," काका माझ्याजवळ पुटपुटले. "हाडाला लाजली!"

खरं दुखणं वेगळंच होतं. काकूंचा वरचा एक दात शेजारच्यावर चढलेला असायचा. चारचौघांत त्या तोंडावर हात धरून हसत. मोकळ्या हसत त्या फक्त काकांपुढे. तो दात म्हणजे काकांची खासगी मालमत्ता. आणि सुनेने स्क्रीनवर सगळे दात शाळेच्या प्रार्थनेसारखे रांगेत उभे केलेले!

काकांनी गुपचूप मेण तापवलं. सुनेने थ्री-डी प्रिंटरवर नमुन्याचे दात छापून आणले, त्याच दिवशी यांनीही आपले मेणातले पुढे केले.

"बाबा, हा एक वाकडा बसलाय," सून म्हणाली. "मेण सरकलं का?"

"माझं मेण सरकत नाही. मुद्दाम बसवलाय."

काकूंनी आरसा घेऊन दोन्ही घालून पाहिले. मेणाचे घालून हसल्या तेव्हा काका तरुण झाले.

"अहो, तुम्हाला हा आवडायचा?"

"मग!"

"कधी बोलला नाहीत ते! मी आपली जन्मभर हात धरून हसले."

"माझ्यापुढे कुठे धरलास?"

"म्हणून काय फक्त तुमच्यापुढेच हसायचं मी?" काकूंनी मेणाचे दात अलगद काढून काकांच्या हातात ठेवले. "सूनबाई, तुझेच सरळ बसव गं."

आता काकू सगळ्यांकडे बघून हसतात. जिन्यातल्या पोस्टमनकडे, समोरच्या बाल्कनीकडे, रिक्षावाल्याकडे. आणि कधी पिशवीला हात न लावलेले काका रोज त्यांच्याबरोबर बाजारात जातात.

"काकूंचं हसणं म्हणजे काय विचारू नका!" परवा भाजीवाला म्हणाला.

"तू काट्याकडे बघ," काका म्हणाले.