आडवा पाच, उभा अकरा

मी खंडेराव मार्केटच्या बाहेर भाजी विकतो आणि लोकांना हसवतो. भाजी शिळी असली तरी गिऱ्हाईक हसत हसत घेऊन जातं, एवढीच माझी विद्या. शाळेत गेलो होतो, पण मास्तरांनी मला वर्गापेक्षा बाहेर उभं करूनच जास्त शिकवलं. माझी सवय सदा नकला करायची, त्यामुळे डाव्या कुशीत कळ आली आणि मी दुधीच्या ढिगावर आडवा झालो, तेव्हा आजूबाजूचे सगळे हसले. मी कोकलतोय आणि शेजारचा टोमॅटोवाला टाळ्या वाजवतोय.

बायकोने रिक्षात घातलं. इकडच्या गुजराती डॉक्टरने सीटी स्कॅन काढायला पाठवलं. रिपोर्ट आला, किडनीच्या खालच्या नळीत मुतखडा, पाच मिलिमीटर. डॉक्टरने फक्त रिपोर्ट वाचला. म्हणाला, "पांच तो कंई नथी, काका. पाणी पियो, नीकळी जशे." पाच म्हणजे काहीच नाही, पाण्यानेच निघून जाईल म्हणे.

मग काय, वाडीतल्या आमच्या गल्लीत सगळेच डॉक्टर. कुणी हुलग्याचं पाणी पाजलं, कुणी म्हणालं जिन्यावरून उड्या मारा, खडा खाली सरकतो. या वयात, या पोटासकट मी रोज उड्या मारायचो. खालचा भाडेकरू विचारायचा, "काका, घर राहील ना?" काही दिवसांनी दुखायचं थांबलं. खडा पडला, असं मी जाहीर केलं. पडताना कोणी पाहिला नव्हता, मी पण नाही. तरी गल्लीभर पेढे वाटले. लोकांनी "मुलगा की मुलगी?" विचारून खाल्ले.

खडा होता तिथेच होता. वाट बंद झाली होती आणि किडनी आतल्या आत फुगून थकली, म्हणून कळ थांबलेली. हे कळलं ते थंडीताप भरल्यावर. मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी दुसरा सीटी काढला, पहिल्याची सीडी पण मागवली. बाई मराठी निघाल्या.

"सीटीत माणसाचे काकडीसारखे गोल काप दिसतात," त्या म्हणाल्या. "पहिला रिपोर्ट लिहिणाऱ्यांनी एका कापावर खडा आडवा मोजला, पाच भरला. पण तुमचा खडा नळीत उभा आहे. उभं चित्र काढून मोजायला हवं होतं. हा बघा, अकरा. पहिल्या दिवशीही अकराच होता."

"मग पाणी पिऊन?"

"एवढा खडा सहसा आपला आपण पडत नाही. अकरा लिहिला असता, तर तेव्हाच काढला असता."

दुर्बिणीने खडा काढला. किडनी परत कामाला लागते का, याची बायको रोज वाट बघत होती. तपासणी झाली. बाई म्हणाल्या, डावी आता जेमतेम पाव काम करेल.

माझं डोकं फिरलं. लघवी वाहावी म्हणून आत प्लास्टिकची नळी घातलेली, तरी बायकोला घेऊन त्या पहिल्या सीटीवाल्याकडे गेलो. रिपोर्ट लिहिणारा डॉक्टर समोरच बसला होता. त्याने शांतपणे रिपोर्ट वाचला आणि म्हणाला, "आडी तो पांच ज छे ने, काका. खोटुं शुं लख्युं छे?"

म्हणजे आडवा पाचच होता, त्याने खोटं लिहिलंच नव्हतं. याचाच राग जास्त आला. मी ओरडलो, "मग माझ्या कमरेचं माप घे आणि तेवढ्यावरच लेंगा शीव. गुडघ्यापर्यंत आला तर म्हण, कमर तर बरोबर आहे ना."

तो हसला. बाकावरचे पेशंट हसले. मला शिवी द्यायची होती आणि तोंडातून हे निघालं. परत ओरडलो, तर अजून हसले. जन्मभर लोकांना हसवलं, आता खरा रागावलो तर कोणी मानायला तयार नाही.

तेव्हा बायको पुढे आली. आवाज चढवला नाही. "एमनी किडनी गई छे, भाई. पाव रही. ऊभी पण मापता जाव, कोईनी तो बचशे."

उभाही मोजत जा, कुणाची तरी वाचेल, एवढंच तिचं मागणं. हसणं बंद झालं. त्याने सीडी लावली. चित्र उभं केलं, खड्याच्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत रेघ ओढली. आकडा आला.

"हां," तो म्हणाला. "अगियार छे."

एवढंच. माफी नाही, काही नाही. त्याच्या थोबाडीत द्यायला मी उठलो, पण कुशीत अशी चमक मारली की त्याच्याच टेबलाला धरून खाली बसावं लागलं. बायकोने पाणी मागितलं. त्याने स्वतः उठून आणलं. मी प्यायलो नाही.