देवबागच्या पाण्याची नोंद

काँक्रीट बांधकाम निरीक्षकाच्या प्रमाणपत्रासाठी तीन गोष्टी लागत होत्या: लेखी परीक्षा, प्रात्यक्षिक आणि चालू कामावर ठेवलेली निरीक्षण वही. लेखी परीक्षा मी पहिल्या प्रयत्नात उत्तीर्ण झाले. वहीसाठी काम मिळायला पाच महिने गेले.

मालवणात एका कंत्राटदाराच्या कार्यालयात मी सात वर्षे काम केले. स्थापत्य पदविका होती, पण कामावर जाऊन मापे दुसरे घेत आणि मी ती संगणकावर चढवत असे. कुडाळच्या एका चाचणी प्रयोगशाळेत निरीक्षकाची जागा निघाली. मुलाखत झाली, होकारही मिळाला. प्रमाणपत्र दाखवायचे आणि रुजू व्हायचे, एवढेच उरले होते. परीक्षा वर्षातून एकदाच होई, आणि प्रयोगशाळा दुसऱ्या वर्षापर्यंत थांबणार नव्हती.

कार्यालयाच्या कोणत्याही कामावर वही घेऊन उभे राहायला परवानगी मिळाली नाही. शेवटी आमच्या गावी, देवबागला, काकीला विचारले. ती घराच्या मागे, खाडीच्या बाजूला पर्यटकांसाठी दोन खोल्या बांधणार होती.

"उभी रव," काकी म्हणाली. "पण मेस्त्रीक शिकवूक जाव नको. तो काम टाकून जाता."

मेस्त्री म्हणजे साठी ओलांडलेला गवंडी. आमच्या आवाठातली, म्हणजे वाडीतली, निम्मी घरे त्याच्या किंवा त्याच्या वडिलांच्या हातची.

देवबागच्या एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी आणि मध्ये वाळू. प्रत्येक परड्यात विहीर असते. एकीचे पाणी गोडे निघते, वीस पावलांवरच्या दुसरीचे खारे. त्यामुळे काम सुरू करताना पाणी जिभेवर घेऊन पाहायची इथली रीत आहे. पहिल्या दिवशी मेस्त्रीने काकीच्या विहिरीतून कळशी काढली, ओंजळभर पाणी तोंडात फिरवले आणि माडाच्या मुळात थुंकला.

"गोडा आसा. तू पण बघ. देवबागचा चेडू तू, तुका कळाक व्हया."

मी घोटभर प्यायले. पाणी गोडे होते. वहीत पाण्यासाठी तीन रकाने होते: स्रोत, तपासणी, शेरा. मी लिहिले: घरची विहीर, चव पाहिली, योग्य. पाण्याची बाटली भरून ठेवली. प्रयोगशाळेचा अहवाल वहीला जोडायचा होता, आणि तो नंतर जोडला तरी चालेल असे मी धरून चालले. त्याच दिवशी सहापैकी दोन खड्ड्यांतला पाया ओतला गेला. घमेली मोजली, सळईखालचे ठोकळे पाहिले, ताकद तपासण्यासाठी काँक्रीटचे सहा घनठोकळे भरले. बाकी सर्व नियमाप्रमाणे होते.

दुसऱ्या दिवशी बाटली घेऊन कुडाळच्या प्रयोगशाळेत गेले. खिडकीवर बसणारा माणूस आतल्या गावातला, भात आणि काजूवाला. त्याने नमुना नोंदवला, झाकणात उरलेल्या थेंबांना बोट लावले आणि बोट जिभेला.

"ह्या खंयचा पाणी?"

"देवबागचा. काकीच्या बावीतला."

"पितास तुमी ह्या?"

"ल्हानपणापासून."

"मगे बरोबर. तुमका ह्या गोडाच लागतला. आमच्या गावचो बैल तोंड लावचो नाय."

अहवाल त्यानंतर दोन दिवसांनी आला. सळईच्या काँक्रीटसाठी पाण्यात जेवढे क्लोराइड चालते, त्याच्या जवळजवळ दुप्पट या पाण्यात होते. चव घेण्याच्या रीतीत जे चुकत आले होते ते या आकड्यात दिसले. ज्याची जीभ त्याच विहिरीवर वाढली, त्याला त्या विहिरीचे मीठ कळत नाही. मेस्त्रीला कळले नाही आणि मलाही नाही. क्लोराइड काँक्रीटला लगेच काही करत नाही. ते आतली सळई गंजवते, गंज फुगतो आणि काही वर्षांनी काँक्रीट तडकते.

मी काम थांबवायला सांगितले. मेस्त्रीने अहवाल हातात धरला, उलटा-सुलटा केला.

"कागदाक जीभ कधी फुटली?" तो म्हणाला. "माझ्या बापाशीन ह्याच पाण्यान अर्धो देवबाग बांधल्यान."

"त्याच अर्ध्या देवबागात स्लॅबाची खपली पडता, ती कित्याक?"

"ती खाऱ्या वाऱ्यान."

"वारो भायरसून येता, मेस्त्री. ह्या मीठ आपण आत घालतंव."

काकी ओट्यावर नारळ सोलत होती. तिने कोयती खाली ठेवली.

"फोडल्यार काय होता?"

"धा दिवस उशीर."

"आणि नाय फोडल्यार?"

"आत्ता काय नाय. धा-बारा वर्सांनी तडो."

"तेवा तू खंय आसतलंस?"

"हयच."

काकी उठून खड्ड्यांपाशी आली. नाताळासाठी पाहुण्यांना तिने आधीच शब्द दिला होता. मग ती मेस्त्रीला म्हणाली, "फोड. वर परक्यांची पोरा झोपतली."

पहिला घण मेस्त्रीनेच मारला. तीन दिवसांचे काँक्रीट होते, तरी सहज फुटेना. "कोणी केल्यान रे ह्या इतक्या घट्ट?" त्याने गड्यांना विचारले. "तुमीच," गडी म्हणाले. तो हसला आणि घण पुढे दिला.

प्रश्न वहीचा उरला. नियमावलीत स्पष्ट लिहिले होते: चाचणीआधी साहित्य मंजूर केल्याची नोंद आढळल्यास वही बाद होऊ शकते. वही सुट्या पानांची, दोऱ्याने बांधलेली होती. मेस्त्रीने उपाय सांगितला. "ता पान काढून टाक गो बाय. दुसरा लिही. पाया तर फुटलोच. कोणाक कळतला?"

कोणालाही कळले नसते. मी दोन दिवस नवे पान लिहिले नाही आणि जुने काढलेही नाही. या वहीवर सही करून मी उद्या दुसऱ्यांच्या घरांना योग्य-अयोग्य म्हणणार होते. तिसऱ्या दिवशी जुन्या नोंदीखाली लिहिले: वरील शेरा चुकीचा. तपासणी जिभेने केली, अहवालाची वाट पाहिली नाही. दोन पाये नामंजूर, फोडले. नवे पाणी टँकरचे, चाचणीनंतर वापरणार.

टँकर कुडाळच्या बाजूने आला. त्याचा नमुना आधी तपासला, मग सहाही पाये ओतले.

प्रात्यक्षिक कोल्हापूरला झाले. शंकूत थरागणिक पंचवीस ठोके देऊन काँक्रीट भरले, शंकू सरळ वर उचलला आणि ते किती खचले ते मोजले. ठोकळे भरले. चुकले काहीच नाही. नंतर एका परीक्षकाने वही उघडली आणि त्या पानावर थांबला.

"हा शेरा तुमचाच?"

"हो. दोन्ही माझेच."

"चव पाहिली?"

"पाहिली. ती चूक होती."

"पान बदलता आलं असतं."

"हो."

तो वही घेऊन शेजारच्या टेबलावरच्या परीक्षकाकडे गेला. दोघे बराच वेळ बोलत होते. परत येऊन त्याने फोडलेल्या पायाची छायाचित्रे मागितली. फोनमधली तीन दाखवली. एकात मेस्त्री घणावर रेलून उभा होता.

"हा कोण?"

"मेस्त्री. पाणी गोडं म्हणणारा दुसरा."

परीक्षक हसला नाही. त्याने समासात काहीतरी लिहिले आणि वही मिटली. निकाल महिन्याने लागेल, असे सांगितले.

त्या महिन्यात काकीच्या खोल्यांचे खांब उभे राहिले, स्लॅब ओतला गेला. दर खेपेला टँकर आला की मेस्त्री मला हाक मारून बाटली भरायला लावी आणि गड्यांना सांगे, "आधी तिची बाटली, मगे तुमचा घमेला."

निकाल फोनवर आला तेव्हा मी स्लॅबखालचे टेकू मोजत होते. उत्तीर्ण. वहीचे गुण सर्वांत कमी, त्यापुढे शेरा: पाणीतपासणीतील चूक उमेदवाराने स्वतः नोंदवली व दुरुस्त केली. काकीला वाचून दाखवला.

"गुण कमी कित्याक?"

"पाणी आधी तपासूक व्हया होता म्हणान."

"बरोबर आसा," काकी म्हणाली. "आता माका सांग, हे टेकू काढूचे काय नाय? आतून गिलावो करूचो आसा, नाताळाक पावणे येतले."

टेकू काढायचे दिवस पूर्ण झाले होते. ठोकळ्यांची ताकद पुरेशी भरली होती. तरी मी दोन्ही खोल्यांतून फिरले, खालून कुठे तडा नाही ना ते पाहिले, एके ठिकाणी हातोडी वाजवून आवाज ऐकला. मग लिहिले: टेकू काढण्यास हरकत नाही. सहीखाली प्रमाणपत्राचा क्रमांक फोनवरून उतरवून घेतला. मेस्त्रीने गड्यांना आत बोलावले.