किती दाखवते गा?

"अबे चाचा! पूरी गाडी में धान भरा है, और तेरा कंप्यूटर जीरो बोल रहा है? मैं क्या हवा भर के लाया हूं?"

ड्रायव्हर असा ओरडत होता, की पलीकडच्या जंगलातल्या अस्वलांनी त्या दिवशी बाहेर पडायचा बेत रद्द केला असणार. मी मोटरसायकल उभी करत होतो. केबिनच्या खिडकीत आमचे काका मात्र लग्नाच्या पंगतीत बसल्यासारखे प्रसन्न. म्हणाले, "चिल्लाव बापू, चिल्लाव. मोकळा होय."

देवरीच्या पुढे हायवेला तुम्ही धरमकाटा पाहिला असेल. जमिनीलगत लोखंडी प्लेट, तिच्यावर ट्रक चढतो आणि शेजारच्या केबिनमधल्या कंप्यूटरवर वजन उमटतं. काका त्या केबिनमध्ये कामाला होते आणि राहायलाही. मी देवरीत कंप्यूटर दुरुस्त करतो. त्यांचा कंप्यूटर इतक्यांदा उघडला, की माझ्या बायकोचा चेहराही मला तेवढा पाठ नाही.

त्याचं दुखणं एकच. बटण दाबलं की पंखा फिरायचा, पोटातून पीं-पीं व्हायचं आणि पडदा काळाच राहायचा. रॅमची पट्टी जिथे बसते ती खाच सैल झाली होती, त्यात राइस मिलच्या गाड्यांचा कोंडा उडून बसायचा. मी पट्टी काढून खोडरबरने घासायचो, फुंकर मारून दाबून बसवायचो. काही दिवस निभायचं.

मी हाताशी नसलो, की काकांचा स्वतःचा इलाज होता. भरलेला ट्रक प्लेटवर घ्यायचा! केबिन हादरायची, पट्टी सरकून जागेवर यायची आणि कंप्यूटर सुरू. मोठ्या शहरातल्या एकाही इंजिनिअरने दहा चाकांनी दुरुस्ती केली नसेल. पण एक गोम होती. सुरू होताना प्लेटवर जे असेल, त्यालाच ते यंत्र शून्य धरायचं. ट्रक उतरवून, शून्याचं बटण दाबून, पुन्हा चढवावा लागे. काका बटण दाबायला विसरत. मग धानाचा ट्रक शून्य, आणि त्याच्यामागून आलेली बैलगाडी शून्याच्याही कितीतरी खाली. ते बैल एकमेकांकडे संशयाने पाहू लागले, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

"काका, शेठला सांगा की, नवीन घ्या म्हणून," मी एकदा म्हणालो.

पंगतीतली प्रसन्नता गेली. "नवीन आणला तर संगं क्यामेरा लावतो म्हणते शेठ. गोंदियात बसून मोबाईलवर पाहीन म्हणते. मंग इथं माणूस कायले लागते?"

"बरंच आहे की. सौंदडला घरी जा, आराम करा."

"त्या घरी?" काकू गेल्या तेव्हापासून त्या घराला कुलूप होतं, मूलबाळ नव्हतं. "तिथं कोणी चिल्लावत पण नाई गा." मग माझ्या हातातल्या पट्टीकडे पाहत म्हणाले, "इलेच चालव बा. होते तोवर."

दुरुस्ती झाली की त्यांचा एक रिवाज असे. चपला काढून ट्रकच्या प्लेटवर मधोमध जायचे, फोटो काढून घेत असल्यासारखे ताठ उभे राहायचे आणि ओरडायचे, "किती दाखवते गा?"

पहिल्या वेळी मी हसलो. "काका, तुम्ही तर रोज पाहत असाल!"

"मी इथं उभा राहिलो, तर तिथं पाहाले कोण हाय?"

त्यानंतर मी कधी हसलो नाही.

तो काटा वीस-वीस किलोच्या टप्प्याने मोजायचा. काका म्हणजे साठ. मी "साठ!" ओरडायचो, ते मान डोलावून उतरायचे. एका खेपेला पडद्यावर चाळीस उमटले. थापा मारण्यात माझा हात धरणारा जिल्ह्यात नाही, पण इतक्या चटकन मलाही कधी सुचलं नव्हतं. "ऐंशी!" मी ओरडलो.

"फेकतो काऊन गा," ते हसले. पण लगेच उतरले नाहीत. उभेच राहिले थोडा वेळ.

मग नव्या धानाच्या दिवसांत ती खाच मोडलीच. खोडरबर झाला, फुंकर झाली. बाहेर गाड्यांची रांग छत्तीसगडात पोचली होती, म्हणजे जवळजवळ. काका स्वतः धावत गेले, रांगेतला सगळ्यांत जड ट्रक हाताने बोलावून प्लेटवर घेतला. "पुढं घे! आता मागं! अजून एक डाव हादरव!" केबिन थरथरली, भिंतीवरचं कॅलेंडर पडलं, पण कंप्यूटरच्या पोटातली पीं-पीं काही थांबली नाही. मागचे ड्रायव्हर ओरडू लागले, हॉर्न वाजवू लागले.

"चूप राहा रे!" काका ओरडले. त्यांना कुणावर ओरडताना मी त्या दिवशीच ऐकलं. सगळे खरोखरच गप्प झाले. काकांनी केबिनमध्ये येऊन खांद्यावरचा दुपट्टा काढला, कंप्यूटरवर नीट पसरला आणि म्हणाले, "लाव शेठले फोन."

नवा कंप्यूटर मीच बसवला. बटणावरून बोट उचलायच्या आत सुरू झाला. केबिनमध्ये काकांची खाट नव्हती, स्टोव्ह नव्हता. चपला ठेवायच्या जागी फरशी तेवढी उजळ राहिली होती. बाहेर खांबावर कॅमेरा, त्याखाली भोंगा. काकांना सौंदडच्या बसमध्ये बसताना कोणीतरी पाहिलं होतं, एवढंच कळलं.

निघताना काय झालं कुणास ठाऊक, मी चपला काढल्या. प्लेटवर मधोमध जाऊन ताठ उभा राहिलो आणि रिकाम्या केबिनकडे तोंड करून ओरडलो, "किती दाखवते गा?"

भोंगा खरखरला. गोंदियातून शेठ बोलत होते.

"प्लेट खाली करो. पीछे गाडी है."