सायबिणीने दाखवलेली कड

मसुऱ्याच्या सुमतीकाकींच्या हृदयाची झडप दुरुस्त करायची होती, त्या सकाळी माझंच मन थाऱ्यावर नव्हतं. मी भूलतज्ज्ञ, मालवणातल्या ख्रिस्ती घरातली. अन्ननलिकेत सोनोग्राफीची नळी सोडून, शस्त्रक्रिया चालू असताना हृदय पडद्यावर दाखवणं माझ्याकडे असतं. कित्येक महिने प्रार्थनेला बसले तरी शब्द नुसते ओठांवर येत होते. ऐकणारं कुणी आहे का, असं वाटायचं. भूल देण्याआधी काकींनी माझा हात धरला. म्हणाल्या, "तुजी सायबीण आसा, माजी भराडी आसा. मगे भियाचा कित्याक गो?" सायबीण म्हणजे आमची मारियामाता, आणि भराडी त्यांच्या गावची देवी.

झडप शिवून झाली. हृदय पुन्हा स्वतःच्या बळावर चालू लागलं. आता गळती उरली आहे का, ते मी सांगायचं होतं, आणि पडद्यावर नुसतं धुकं. पोटातली हवा ओढून काढली, नळी मागेपुढे केली, रक्त थांबवणारं विजेचं यंत्र बंद करायला लावलं, तरी झडपेची कड दिसेना.

"ठीक आहे ना? छाती बंद करू?" सर्जननी विचारलं.

हो म्हणणं फार सोपं होतं. पण आतून हाक निघाली, सायबिणी, माका दिसणा नाय, तूच दाखव. पाठोपाठ मी मोठ्यानं बोलून गेले, "सर, मला दिसत नाहीये."

बोलले आणि मनातली धडधड एकदम निवली. पुढचं आपसूक सुचत गेलं. "छातीत कोमट सलाईन ओतू या, म्हणजे मध्ये हवा राहणार नाही. सोनोग्राफीचा दुसरा प्रोब थेट हृदयावरच ठेवा, मी पडदा बघते."

"चला," सर म्हणाले. निर्जंतुक पिशवीत घातलेला प्रोब त्यांनी अलगद टेकवला, आणि तारकर्लीच्या निवळ पाण्यात तळाची वाळू दिसावी तशी झडप दिसली. कडेला रक्ताची बारीक धार उलटी जात होती.

"बरं झालं थांबलो," सर पुटपुटले. हृदय पुन्हा थांबवून तिथे टाके घातले. या वेळी धार नव्हती. मास्कआड सगळ्यांचे डोळे हसत होते. माझे वाहत होते.

परवा काजूच्या बागेतून परतल्यावर काकींचा फोन आला. "काजी वेचूक गेल्लंय गो. दम लागूक नाय."

फोन ठेवून मी कितीतरी वेळ हात जोडून बसले. दिसत नसेल तेव्हा तसं सांगावं आणि सायबिणीवर सोडावं, एवढंच मला त्या दिवशी उमगलं. आता प्रार्थनेला बसले की शब्द आतून येतात.