वाजवून घेतलेला फोन

कोणताही फोन हातात आला की काकाजी आधी तो तळहातावर तोलून बघत, मग मधल्या बोटाच्या पेरानं त्याच्या पाठीवर दोनदा ठोकत आणि मान तिरकी करून ऐकत. फोन चालू आहे की बंद, नवा आहे की जुना, याच्याशी काही संबंध नाही. ठोकून झालं की फोन ज्याचा त्याला परत देत आणि म्हणत, "काम चालून राहिलं ना? मंग?"

या 'मंग'च्या पुढे ते कधी काही बोलले नाहीत. पुढचं समोरच्यानं समजून घ्यायचं असे.

भिलाईत सेक्टर सहाच्या मार्केटात माझं मोबाइलचं दुकान आहे. विकतो, दुरुस्त करतो, काचा लावतो, रिचार्ज मारतो. काउंटरच्या बाजूला गिऱ्हाइकांसाठी एक प्लास्टिकचं स्टूल ठेवलेलं आहे. पण सहा-सात वर्षं रोज संध्याकाळी पाच ते सात त्या स्टुलावर गिऱ्हाईक कधी बसलंच नाही, कारण तिथं हे बसलेले असत. तुमच्याही ओळखीच्या एखाद्या दुकानात असे एक गृहस्थ तुम्ही पाहिले असतील. काही घेत नाहीत, काही विकत नाहीत, आणि ते आले नाहीत तर दुकान उघडल्यासारखं वाटत नाही.

ते प्लांटमधून निवृत्त झालेले. नोकरीभर त्यांनी एकच काम केलं: भट्ट्यांना आणि वितळलेलं पोलाद वाहून नेणाऱ्या मोठाल्या लॅडलना आतून विटा लावायच्या. म्हणून मार्केटात सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. मी काकाजी म्हणायचो, कारण माझे वडील आणि ते दोघंही भंडाऱ्याकडचे, एकाच सुमाराला इकडे आलेले. ते मला बाबू म्हणत, आणि चिडले की दुकानदार.

ठोकण्याची सवयही विटांचीच. भट्टीत लावण्याआधी वीट हातात घ्यायची, दुसऱ्या विटेवर हलकी वाजवायची. खणखणीत वाजली तर लावायची, बद्द वाजली तर आत कुठं तरी तडा आहे, बाजूला टाकायची. तीस-बत्तीस वर्षं हेच करून त्यांचं बोट आता काहीही वाजवून बघे. टरबूज, दरवाजा, माझ्या काउंटरची काच. एकदा नव्या फ्रिजवर वाजवून त्यांनी काकूंना सांगितलं होतं की हा दहा वर्षं जाणार. तो अजून चालू आहे, त्यामुळे त्यांच्याशी वाद घालणं अवघड होतं.

माझ्या धंद्याला मात्र त्यांची सवय परवडणारी नव्हती. एखादं गिऱ्हाईक महागाच्या फोनकडे वळवत आणावं, कॅमेऱ्याचे गुण सांगावेत, आणि स्टुलावरून आवाज यावा.

"फोटो किसका खींचते जी?"

"बच्चों का, अंकल."

"सस्तेवाले में बच्चा दिखता है ना? फिर?"

हिंदीतही तेच, फक्त 'मंग'चं 'फिर' होई. गिऱ्हाईक हसत साधा फोन घेऊन जाई. मी दात-ओठ खात बिल फाडायचो.

"काकाजी, तुमी माहं दुकान बंद पाडून राहिले," मी एकदा म्हणालो.

"कावून? थो मानूस पुढच्या वर्षी बायकोसाठी इथंच येईन. तू त्याले फसवलं नाही ना, म्हनून."

तसंच व्हायचं. लोक मला नाही, त्यांना विचारायला येत. 'मिस्त्री ने बजाया क्या?' असं विचारून फोन घेणारी घरं या सेक्टरात आहेत. त्यांचा शब्द म्हणजे माझ्या दुकानाची वॉरंटी झाला होता.

त्यांचा स्वतःचा फोन माझ्याच दुकानातला सगळ्यात स्वस्त. एका कोपऱ्यात काच तडकलेली, मागचं झाकण रबरबँडनं बांधलेलं. पण त्या फोनचे त्यांच्यावर उपकार होते, आणि ते उपकार ते येईल त्याला सांगत.

पेन्शनवाल्यांना दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. सरकारी कागदपत्रं करून देणाऱ्या चॉइस सेंटरवर जाऊन मशिनीवर अंगठा ठेवायचा, मशीन म्हणते तुम्ही जिवंत आहात. यांचा अंगठा मशीन घेईना. विटा, रेती आणि सिमेंटनं बोटं खरखरीत होऊन त्यांवरच्या रेषा कधीच पुसून गेल्या होत्या. दोन वर्षं ते रांगेत उभे राहिले, हात धुऊन, तेल लावून, अंगठा टाळूवर घासून बघितला. मशीन दर वेळी नाहीच म्हणे. मग कुणी तरी सांगितलं की आता चेहऱ्यावरून होतं, घरच्या फोनवर. मी त्यांना दुकानाबाहेर उन्हात उभं केलं आणि त्यांचाच फोन त्यांच्या तोंडासमोर धरला. फोन डोळे मिचकावा म्हणत होता आणि हे डोळे फाडून बघत होते. भट्टीपुढं काम केलेला माणूस, डोळे मिटणं हीच चूक समजणारा.

"मिचकवा ना काकाजी."

"मिचकवून राहिलो ना."

तिसऱ्या खेपेला झालं. हिरवी खूण आली. ती खूण ते बराच वेळ बघत राहिले. "पाह्य बाबू," ते म्हणाले, "मोठ्या मशिनीनं मले मारून टाकलं होतं. यानं सरकारले सांगतलं, मिस्त्री जित्ता आहे."

त्याच्या पुढच्या दिवाळीत त्यांचा मुलगा हैदराबादहून आला आणि बापासाठी चांगला महागाचा फोन घेऊन आला. दोघं सिम बदलायला माझ्याकडे आले. मुलगा गुणी आहे, मनापासून आणलं होतं त्यानं. फोन लावता लावता तो म्हणाला, "बाबा, इथं अंगठा ठेवा, मग नंबर-बिंबर काही टाकावं लागत नाही. फोन तुमाले ओळखीन."

त्यांनी अंगठा ठेवला. फोन म्हणाला, पुन्हा ठेवा. दुसरा अंगठा ठेवला. मग पहिलं बोट, मग मधलं. मुलानं एकेक करून त्यांची दहाही बोटं लावून बघितली. दुकानात तीन-चार जण होते. मुलगा हसून म्हणाला, "बाबा, तुमाले तर छापच नाही. चोरी केली तरी पकडणार नाही कोनी." आम्ही सगळे हसलो. तेही हसले.

मग त्यांनी खिशातला जुना फोन काढला आणि सिम परत त्यात घालायला सांगितलं. "माहं काम याच्यावर चालून राहिलं," ते म्हणाले. मी म्हटलं, नंबर टाकूनही उघडतो, चार आकडे लक्षात ठेवायचे. ते म्हणाले, आकडे ध्यानात राहत नाहीत. कोणत्या लॅडलला किती विटा लागतात हे ज्याला निवृत्तीनंतर दहा वर्षांनीही पाठ, त्याला चार आकडे राहत नव्हते. मी मनात म्हटलं, म्हातारा हट्टी आहे. नवा फोन खोक्यात गेला, खोका कपाटात गेला.

मे महिन्यात जवळच्या कुरुदहून एक मुलगी आईला घेऊन आली. घर मूळचं गोंदियाकडचं, बाप रसमड्याच्या कारखान्यात ठेक्यावर. मुलीनं कॉलेज पूर्ण केलेलं होतं आणि नोकरीसाठी तिचा इंटरव्ह्यू व्हिडिओवर होणार होता. घरात तसा फोन नव्हता. मी तिला दोन दाखवले, एक स्वस्तातला आणि एक त्याच्या वरचा. वरचा घे म्हणालो. तिची आई स्वस्तातल्याकडे बघत होती.

काकाजींनी तो उचलला, ठोकला, ऐकला. "घेऊन जा पोरी. काम चालते याच्यावर."

आईचा चेहरा मोकळा झाला. मी पुन्हा वरच्या फोनचं नाव काढलं नाही. उकाडा होता, विक्री होत होती, आणि मिस्त्रीनं वाजवलं होतं.

आठेक दिवसांनी मुलगी एकटीच आली. फोन काउंटरवर ठेवला. "भैया, जरा देखो ना, हे मधातच बंद कावून झालं? सामने मॅडम बोल रही थी, आणि स्क्रीन काळी झाली. मंग चालूच नाही झालं. अर्ध्या घंट्यानं झालं, तोवर त्यांनी दुसऱ्याले घेतलं." भांडायला आली नव्हती. तिला फक्त कळायला हवं होतं की तिचं काही चुकलं का.

मी फोन बघितला. त्यात बिघाड काहीच नव्हता. स्टुलावरून त्यांनी विचारलं, "किती वाजता होतं?"

"दोन वाजता, काकाजी."

"कोठी बसली होती?"

"घरीच. आमच्या घरी टिन आहे वरून. पंख्याचा आवाज येते म्हनून पंखा बंद केला होता."

भिलाईतला मे, दुपारचे दोन, टिनाखाली पंखा बंद, आणि सतत चालू व्हिडिओ. फोन तापला आणि त्यानं स्वतःला बंद करून घेतलं. स्वस्त फोन तेवढंच करू शकतो. मी तिला हे सांगत होतो आणि काकाजी तिचा फोन हातात घेऊन बसले होते. त्यांनी तो ठोकला नाही.

ती गेल्यावर म्हणाले, "बाबू, बजावल्यानं तडा समजते. तापल्यावर वीट काय करन, थे नाही समजत. त्यासाठी भट्टी कोनती आहे, हे विचारा लागते. मी जिंदगीभर विचारलं. या पोरीले नाही विचारलं."

मी म्हटलं, तुमची काय चूक, विकला मी. ते म्हणाले, "तू विकला. घे म्हनलं मी. तिनं माह्या शब्दावर घेतला." त्या संध्याकाळी ते सातच्या आधीच उठून गेले.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी सायकलवर आले, मुलानं दिलेला खोका गमछ्यात गुंडाळून. माझ्याकडून तिला फोन लावून बोलावून घेतलं. ती दोन पावलं मागे सरकली. नको म्हणाली, बाबा रागावतील म्हणाली.

"देऊन नाही राहिलो," ते म्हणाले. "वापर. नौकरी लागली, आपला स्वतःचा घेतला, का हा वापस आन. मी इथंच बसतो रोज."

मुलाला त्यांनी सरळ सांगून टाकलं, "तुहा फोन कामाले लागला."

मुलीला जुलैत नोकरी लागली. लोकांच्या तक्रारी ऐकून घ्यायची, तीही घरूनच, त्याच फोनवर. पेढे घेऊन आली तेव्हा काकाजींनी पेढा खाल्ला आणि तिला पंखा लावून बसत जा म्हणून सांगितलं. पण फोन वाजवणं त्यांनी सोडलं ते सोडलंच. कुणी पुढं केला की विचारत, "काम कोनतं? कोठी बसून? किती वाजता?" गिऱ्हाइकांना हा वकिली कारभार आवडेना. ते म्हणत, "मिस्त्री, बजा के बोलो ना." हे मान हलवत. मलाही ती टकटक नसल्याची चुटपुट लागली होती.

जानेवारीत ते गेले. दोन दिवस आले नाहीत, थंडी आहे म्हणून आले नसतील असं मी समजलो. तिसऱ्या दिवशी त्यांच्या शेजाऱ्यानं येऊन सांगितलं. झोपेतच गेले होते. मी दुकान बंद केलं आणि शटर खाली ओढल्यावर आठवलं की स्टूल बाहेरच राहिलं.

महिनाभरानं ती मुलगी खोका घेऊन आली. तिनं स्वतःचा फोन घेतला होता. ते गेल्याचं तिला माहीत नव्हतं. मी सांगितलं तेव्हा ती रिकाम्या स्टुलाकडे बघत उभी राहिली, मग म्हणाली, "मंग काकूले वापस करते. वापस करीन म्हनलं होतं मी." मी तिला घेऊन त्यांच्या क्वार्टरवर गेलो.

काकूंनी तिला पाणी दिलं. मुलीनं खोका उघडून सगळं मांडलं: फोन, चार्जर, वायर, जसं मिळालं होतं तसं गुंडाळून. कंपनीतून स्क्रीनवर चिकटून येतं ते पातळ प्लास्टिकही तिनं काढलं नव्हतं. दुसऱ्याची वस्तू म्हणून आठ-नऊ महिने तशीच वापरली होती. मग ती जरा अवघडली.

"काकू, हे इथं घासलेलं आहे ना, थे मी नाही केलं. मले भेटला तवाच होतं. मी नंबरानं उघडत होती, इथं बोट लावलंच नाही."

मी फोन खिडकीपाशी नेला. स्क्रीनच्या खालच्या भागात, जिथं अंगठा ठेवायचा तिथं, प्लास्टिकवर अंगठ्याएवढा पांढरट डाग होता. सगळीकडे गुळगुळीत आणि तेवढाच भाग बारीक चरे पडून धुरकट झालेला, पॉलिश पेपरनं घासावा तसा. एकदा-दोनदा बोट लावून असं होत नाही.

काकूंनी तो बघितला. "दुपारी मी आंग टाकलं का थे खोका काढून बसत," त्या म्हणाल्या. "मी म्हनलं, वापरत नाही तर काढता कावून? तर म्हने, पाहून राहिलो, मले ओळखते का."

मला त्या दिवशीचं दुकान आठवलं, दहा बोटं आठवली, आणि सगळ्यांबरोबर मी हसलो होतो तेही आठवलं. मला लाज वाटली. रोज दोन तास माझ्या शेजारी बसणाऱ्या माणसाला मी हट्टी समजलो होतो.

काही तरी करायचं म्हणून मी म्हणालो, "काकू, हे प्लास्टिक काढून टाकतो. दुकानात नवीन लावून देतो, चांगलं दिसीन." आणि नखानं त्याचा कोपरा उचलला.

त्यांनी माझा हात धरला. फोन माझ्याकडून घेऊन पदरानं हळूच पुसला, तो डाग सोडून बाकीचा.

"राहू दे बाबू," त्या म्हणाल्या. "काम चालून राहिलं ना?"

'मंग' काही त्या म्हणाल्या नाहीत.